आकाशांतून जमिनीची मोजणी

नातेपुत्याकडील काळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्यास भिंतीची भेग नवी नाहीं. ही माती उन्हाळ्यांत आकसते, पावसाळ्यांत फुगते. मग जमीन कायमची खचत आहे, हें ओळखावें कसें? ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह दर १२ दिवसांनीं त्याच मार्गावर येऊन रडारच्या लहरी खालीं धाडतो. परतलेल्या लहरींची मागील लहरींशीं तुलना केली, कीं सेंटिमीटरभर हालचालही उमगते. पिकांच्या शेतांत ही तुलना बिघडते. पक्क्या इमारतींवर ती चांगली साधते. अनेक वर्षांच्या मापांतून ऋतूंचा चढउतार वजा केल्यावर उरतें, तें खरें खचणें. तरी सारें घर सारखें बसलें तर भय थोडें. एकच कोपरा अधिक बसला, कीं भिंत तडकते. शहरांतील धोका ठरवितांना म्हणूनच शेजारच्या दोन जागांच्या खचण्यांतील फरक आधीं पाहतात.