दीड गाठ कापसाइतकं पाणी

६० लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये हा आकडा मुंबई उच्च न्यायालयात पुढे आला आणि महिनाभरात त्याने महाराष्ट्रातलं क्रिकेट राज्याबाहेर काढलं. मुंबईचं वानखेडे, पुण्याजवळचं गहुंजे आणि नागपूरचं जामठा या तीन मैदानांवर मिळून आयपीएलचे २० सामने व्हायचे होते. त्यांची हिरवळ जगवायला एवढं पाणी लागेल, असा हिशेब होता. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या जनहित याचिकेवर न्यायमूर्ती विद्यासागर कानडे आणि मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने १३ एप्रिलला आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्रात नकोत.

आता हे पाणी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात आणून बघू. टंचाईत टँकर लावताना सरकार माणशी दिवसाला २० लिटर धरतं. गावाची वस्ती हिशेबापुरती ३० हजार धरली, तर रोजचे ६ लाख लिटर झाले. म्हणजे अख्ख्या गावाला दहा दिवस पुरेल. १५ लिटरचे ४ लाख हंडे भरतील. १२ हजार लिटरचे टँकर लावले तर ५०० लागतील, आणि ते एकाला एक लावून उभे केले तर रांग चार किलोमीटरच्या घरात जाईल. एप्रिलच्या उन्हात हंडा घेऊन ताटकळणाऱ्या बाईला हा हिशेब सांगितला, तर ती क्रिकेटबद्दल काय बोलेल ते इथे छापता येणार नाही.

पण हंड्यातलं हेच पाणी वावरात नेलं, की त्याचा आकार एकदम आकसतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी पडलं. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एकरी ३६ लाख लिटर होतात. थोडक्यात, तीन स्टेडियमांचं, २० सामन्यांचं सगळं पाणी दारव्हा तालुक्यातल्या पावणेदोन एकराच्या तुकड्यावर दर पावसाळ्यात आभाळातून फुकट पडतं. त्या तुकड्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असते. एक किलो रुई पिकायला जगाच्या सरासरीने १० हजार लिटर पाणी लागतं, आणि भारताची सरासरी त्याच्या दुपटीच्या वर, २२ हजार लिटरच्या आसपास सांगितली जाते. रुईची गाठ १७० किलोची. गुणाकार करून पाहा, एका गाठीत ३७ लाख लिटर जातात. ज्या पाण्यासाठी देशभर चर्चा झाली, ते दीड गाठ कापसाचं पाणी होतं! जिनिंगच्या आवारात अशा किती गाठी पडलेल्या असतात, हे दारव्हेकरांना सांगायला नको. इथून गेलेली शकुंतला रेल्वे मुळात त्या गाठी वाहण्यासाठीच टाकली होती.

ऊस तर विचारूच नका. हेक्टरी २ कोटी लिटर हा त्याचा नेहमीचा हिशेब, म्हणजे एकरी ८० लाख. आयपीएलच्या पाण्यात पाऊण एकर ऊस निघेल, आणि महाराष्ट्रात ऊस साधारण १० लाख हेक्टरांवर असतो. पुसदच्या बाजूला पैनगंगेवर इसापूर धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर (दलघमी). एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. भरलेल्या इसापूरमधून ६० लाख लिटर १ लाख ६० हजार वेळा काढता येतील. आणि तेही सोडा. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात उघड्या तलावावरून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. दीडशे एकरांचा तलाव असेल, तर तेवढ्यावरूनच एका दिवसात ६० लाख लिटर हवेत जातात. त्यावर कुणी याचिका करत नाही.

मग न्यायालय चुकलं का? मला तसं वाटत नाही. आभाळातून वावरभर पसरून पडलेलं पाणी आणि नळीच्या तोंडाशी गोळा झालेलं पाणी या दोन वेगळ्या चिजा आहेत. दुष्काळात टंचाई असते ती दुसऱ्या पाण्याची. निकालाच्या आदल्या दिवशी, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली होती. १० वाघिणी, जेमतेम ५ लाख लिटर, प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आयपीएलच्या हिशेबाने अशा १२ गाड्या झाल्या असत्या. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं. ‘जलदूत’ नावाच्या या गाडीच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. त्या वर्षी राज्य सरकारने २९ हजारांहून जास्त गावं दुष्काळग्रस्त ठरवली. ज्या आठवड्यात पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागतं, त्या आठवड्यात ६० लाख लिटर गवतावर घालणं हिशेबात बसलं, तरी डोळ्यांना बसत नाही.

क्रिकेट मंडळाने पर्यायही दिले. मुंबईच्या टर्फ क्लबकडून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे रोज सात-आठ टँकर घेऊ, म्हणाले. मुंबई आणि पुणे हे दोन्ही संघ मुख्यमंत्र्यांच्या दुष्काळ निधीला पाच-पाच कोटी देतील, असंही सांगितलं. न्यायालय बधलं नाही, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. ३० एप्रिलनंतरच्या १३ सामन्यांपैकी १ मेचा पुण्यातला एक तेवढा होऊ दिला. बाकी १२ गेले. अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला, पुण्याचे बाद फेरीचे दोन दिल्लीला, आणि नागपूरचे तीन मोहालीला. दारव्ह्याहून आयपीएलचं सगळ्यात जवळचं मैदान जामठ्याचं, पावणेदोनशे किलोमीटरवर. तेलंगणाच्या आंदोलनामुळे २०१० मध्ये बेघर झालेल्या डेक्कन चार्जर्सला याच जामठ्याने तीन सामन्यांपुरता आसरा दिला होता. सहा वर्षांनी पाहुण्यांना पाठवायची पाळी त्याच्यावर आली.

मुंबई आणि पुणे, दोघांनीही उरलेल्या सामन्यांसाठी विशाखापट्टणम निवडलं. त्यातल्या पुण्याची गोष्ट और आहे. चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स दोन वर्षांसाठी निलंबित झाले, म्हणून रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा संघ जन्माला आला. त्याचा हा पहिलाच हंगाम. चेन्नईचा धोनी पुण्यात आला आणि पुण्यातून अर्ध्या हंगामात समुद्राकाठी गेला. गहुंजेत चार सामने झाले. चारही हरले. पुणे ते विशाखापट्टणम सरळ रेषेत १,००० किलोमीटर. तिथे तीन खेळले आणि त्यातले दोन जिंकले. हरलेला तिसराही फक्त चार धावांनी गेला, आणि तोही ॲडम झम्पाने १९ धावांत सहा गडी टिपले असताना. २१ मेला पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ हव्या होत्या. धोनीने अक्षर पटेलला तीन षटकार आणि एक चौकार मारून, एका वाइडच्या साथीने, त्या काढल्या. स्वतःच्या गावात एकही विजय नाही आणि परक्या गावात तीनपैकी दोन, असं घर कुणाला लाभलं असेल! मुंबई इंडियन्सला मात्र त्याच मैदानावर हैदराबादने ९२ धावांत गुंडाळलं.

संघाने गाव बदलणं ही अमेरिकेतल्या बेसबॉलची जुनी सवय. तिकडची कारणं मात्र पाण्याची नसतात, गर्दीची असतात. बोस्टनच्या ब्रेव्ह्ज संघाला १९५२ च्या हंगामात घरी २,८१,२७८ प्रेक्षक मिळाले. पुढच्या वर्षी संघ मिलवॉकीला गेला आणि आकडा झाला १८,२६,३९७. तोच संघ, तोच खेळ, प्रेक्षक साडेसहा पट. ते पाहून ब्रुकलिनचे डॉजर्स १९५८ मध्ये सुमारे ३,९०० किलोमीटर दूर लॉस एंजेलिसला गेले. पहिल्याच घरच्या सामन्याला ७८,६७२ माणसं आली. वानखेडे दोनदा भरून वर दहा हजार उरतील एवढी. एवढ्या गर्दीपुढे डॉजर्स त्या वर्षी आठ संघांत सातवे आले. पुणेही २०१६ मध्ये आठ संघांत सातवंच आलं. पुढच्या वर्षी डॉजर्सनी थेट वर्ल्ड सिरीज जिंकली. पुणेही पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पोचलं, मुंबईने १२९ केल्या, पुण्याने १२८. एका धावेने करंडक गेला आणि दोन वर्षांची मुदत संपली म्हणून संघच बंद झाला.

सगळ्यात विचित्र गंमत केंद्र सरकारच्या आकड्यात आहे. १९ एप्रिल २०१६ ला केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की देशात १० राज्यांतल्या २५६ जिल्ह्यांत ३३ कोटी लोक दुष्काळात आहेत. त्या दहांत महाराष्ट्राबरोबर आंध्र प्रदेश होतं आणि कर्नाटकही. म्हणजे बरेच सामने दुष्काळातून उठले आणि दुसऱ्या दुष्काळात जाऊन बसले. अंतिम सामन्यासकट.

मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या प्रशासनाला पाण्याच्या वाहतुकीचं बिल धाडलं. सुमारे ६ कोटी २० लाख लिटरचे ४ कोटी रुपये. जिल्हा प्रशासनाने मागितलं म्हणून पाठवलं, असा रेल्वेचा खुलासा. लिटरला ६५ पैसे पडले. त्या भावाने आयपीएलचं ६० लाख लिटर पाणी मिरजेहून लातूरला नेलं असतं, तर खर्च ३९ लाख रुपये आला असता. पुण्याने धोनीला हंगामाचे साडेबारा कोटी दिले होते. १४ सामन्यांत वाटले, तर सामन्याला ८९ लाख.