यंत्राच्या पोटातील ‘मॅक्रो’ची करामत

धुलाई यंत्राचे बटण दाबले की पाणी भरते, कपडे घुसळले जातात आणि काम संपल्यावर शिट्टीही वाजते. या साऱ्या क्रिया चालवणारा एक चिमुकला संगणक यंत्राच्या पोटात दडलेला असतो. ‘मायक्रोकंट्रोलर’ हे त्याचे नाव. वीजमीटर, लिफ्ट, मायक्रोवेव्ह अशा कितीतरी वस्तूंत तो असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज-६’ प्रदूषण निकष लागू झाले आणि दुचाकींतील कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. तेव्हापासून इंजिनात पेट्रोल किती फवारायचे, हेदेखील असाच संगणक ठरवू लागला आहे.

या संगणकांसाठीच्या आज्ञावल्या आजही प्रामुख्याने ‘सी’ भाषेत लिहिल्या जातात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी ही भाषा घडवली. ‘मॅक्रो’ची सोय तिच्यात १९७२-७३च्या सुमारास आली. पन्नास वर्षे उलटली तरी तिच्यावाचून प्रोग्रॅमरचे पान हलत नाही. आणि तिच्यामुळे होणारे घोटाळेही थांबलेले नाहीत. ही सोय नेमकी काय आहे आणि तिच्यात धोका कोठे आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

आठ बटणांचा फलक

विद्यार्थी व हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या ‘आर्डुइनो उनो’ या फलकाचे उदाहरण घेऊ. त्यावरील ‘एटमेगा ३२८पी’ या मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामाच्या आकडेमोडीसाठी अवघी २ किलोबाइट जागा असते. या २ किलोबाइटमध्ये प्रस्तुत लेखाचा मजकूरही मावणार नाही. साहजिकच येथे प्रत्येक बाइट जपून वापरावा लागतो.

बाहेरचे दिवे, मोटारी यांच्याशी हा संगणक ‘रजिस्टर’च्या द्वारे बोलतो. रजिस्टर म्हणजे आठ बटणांचा वीजफलक मानावा. प्रत्येक बटण म्हणजे एक बिट. ते शून्य तरी असते किंवा एक तरी. बिटांची मोजणी शून्यापासून होते. या फलकावर ‘पोर्ट बी’ नावाचे रजिस्टर स्मृतीतील ३७ क्रमांकाच्या पत्त्यावर असून, त्यातील ५ क्रमांकाच्या बिटाला एक छोटा दिवा जोडलेला आहे. दिवा लावायचा तर उरलेल्या सात बटणांना धक्का न लावता हे एकच बटण वर करावे लागते. त्यासाठी ‘३७ क्रमांकाच्या जागेतील आकड्याशी ३२ या आकड्याची ऑर क्रिया करा’, असा आदेश द्यावा लागतो. दिवा विझवताना ३२चे सर्व बिट उलटवून ‘अँड’ क्रिया करावी लागते.

असे आदेश आज्ञावलीत शेकडो वेळा येतात. प्रत्येक वेळी ३७ आणि ३२ लिहीत बसल्यास चूक होणे अटळ. शिवाय सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याला काहीही उमगणार नाही. म्हणून प्रोग्रॅमर ‘हॅश-डिफाइन’ या सूचनेने एक मॅक्रो तयार करतो आणि पुढे केवळ ‘बिट_लाव(पोर्ट_बी, ५)’ एवढेच लिहितो. अर्थ स्पष्ट होतो आणि संगणकावर तसूभरही जादा भार पडत नाही. बिट लावणे, विझवणे, उलटवणे, तपासणे, दोन आकड्यांतील मोठा निवडणे अशा उपयुक्त मॅक्रोंची एक शिदोरीच प्रत्येक अनुभवी प्रोग्रॅमर जवळ बाळगून असतो.

शब्दशः वागणारा कारकून

मॅक्रोचा भार पडत नाही, याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या ‘कम्पायलर’कडे मजकूर जाण्यापूर्वी तो ‘प्रीप्रोसेसर’च्या हाती पडतो. हा एखाद्या अतिशय आज्ञाधारक कारकुनासारखा वागतो. मॅक्रोचे नाव दिसले की त्या जागी ठरवून दिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा, एवढेच त्याला ठाऊक. गणित त्याला येत नाही आणि अर्थ तो पाहत नाही. सारे घोटाळे येथेच उद्भवतात.

समजा, ‘वर्ग(क)’ म्हणजे ‘क * क’ असा मॅक्रो केला. ‘वर्ग(५)’ लिहिल्यास २५ हे उत्तर बरोबर येईल. मात्र ‘वर्ग(३ + २)’ लिहिले, तर कारकून त्या जागी ‘३ + २ * ३ + २’ असे चिकटवेल. गुणाकार आधी होत असल्याने उत्तर येईल ११! म्हणून प्रत्येक ‘क’भोवती कंस हवा. तेवढ्यानेही भागत नाही. ‘१०० / वर्ग(५)’चे उत्तर ४ यायला हवे, पण बाहेरचा कंस नसेल तर ते ‘१०० / (५) * (५)’ होऊन पुन्हा १०० येते. यास्तव संपूर्ण मॅक्रोभोवतीही कंस घालण्याचा दंडक आहे.

दुसरा घोटाळा कंसांनीही सुटत नाही. दोहोंतील मोठा आकडा निवडणारा मॅक्रो पहिल्या आकड्याचा दोनदा उल्लेख करतो : एकदा तुलनेसाठी, एकदा उत्तरासाठी. त्याला ‘तापमान वाच’ ही क्रिया आणि ५० हा आकडा दिला, तर तापमान दोनदा वाचले जाईल. पहिल्या वेळी ५१ आले, म्हणून ते ५०पेक्षा मोठे ठरले. दुसऱ्या वेळी ४९ आले आणि तेच उत्तर म्हणून पुढे गेले. जे उत्तर ५०पेक्षा कमी येणेच शक्य नाही असे लिहिणाऱ्याला वाटत होते, ते ४९ निघाले. हा दोष क्वचितच प्रकट होतो, त्यामुळे चाचणीतून तो सहज निसटतो.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. ‘सुरू_कर’ या मॅक्रोत दोन आदेश आहेत : पाण्याची झडप बंद कर, मोटर फिरव. प्रोग्रॅमरने लिहिले, ‘दार बंद असेल तर सुरू_कर’. महिरपी कंस नसतील तर ‘सी’ भाषेत अट फक्त पहिल्या आदेशाला लागू होते. परिणामी दार उघडे असले तरी मोटर फिरेल! यावर उपाय म्हणून दोन्ही आदेश ‘डू-व्हाइल’च्या एकदाच फिरणाऱ्या वेटोळ्यात बांधण्याची प्रथा पडली आहे. नवख्याला ही रचना विचित्र वाटते. परंतु तिच्यामुळे अनेक आदेश एकच आदेश असल्यासारखे वागतात.

एका ओळीचे ४७ मेगाबाइट

हे केवळ विद्यार्थ्यांच्या वहीतले प्रश्न आहेत, असे नव्हे. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातही लहान-मोठा आकडा निवडणारे मॅक्रो आहेत. वर सांगितलेले दोष टाळण्यासाठी त्यांच्यावर वर्षानुवर्षे नवनव्या तपासण्यांचे थर चढत गेले. २०२४ मध्ये असे आढळले की, एकात एक गुंफलेल्या अशा मॅक्रोंची एक ओळ प्रीप्रोसेसरने उलगडल्यावर तिचा सुमारे ४७ मेगाबाइट मजकूर होत होता. अखेर लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे मॅक्रो सुटसुटीत करावे लागले.

मोटारींच्या क्षेत्रात याबाबत अधिक कडक शिस्त आहे. ब्रिटनमधील वाहन उद्योगाच्या पुढाकाराने ‘मिस्रा-सी’ ही नियमावली १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. जेथे फंक्शन आणि मॅक्रो दोन्ही चालण्याजोगे असतील तेथे फंक्शन वापरावे, असा तिच्या २०१२च्या आवृत्तीचा सल्ला आहे. त्यासाठीची सोयही भाषेत आहे. १९९९च्या प्रमाणकाने ‘सी’मध्ये ‘इनलाइन’ फंक्शन आणले. त्यात दिलेल्या आकड्याची किंमत एकदाच काढली जाते, आकड्याचा प्रकारही तपासला जातो. आणि कम्पायलर बहुधा मॅक्रोइतकीच आटोपशीर यंत्रभाषा तयार करतो.

मग मॅक्रो मोडीत काढावेत काय? तसे नाही. पत्त्यांना व बिटांना नावे देणे, एकच आज्ञावली वेगवेगळ्या मायक्रोकंट्रोलरसाठी जुळवून घेणे, ही कामे ‘सी’मध्ये आजही मुख्यत्वे मॅक्रोच करतात. आकडेमोड आणि निर्णय मात्र फंक्शनकडे सोपवावेत, हा जाणकारांचा संकेत आहे. धुलाई यंत्रासमोर उभ्या असलेल्या गृहिणीला वा ब्रेक दाबणाऱ्या दुचाकीस्वाराला आतील ओळी कधीच दिसणार नाहीत. त्या ओळींत एखादा कंस राहिला आहे काय, हे पाहण्याची जबाबदारी त्या लिहिणाऱ्याचीच आहे.