मुक्तस्रोत प्रणालींच्या मार्गदर्शिका : खुणापद्धतीची निवड

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत समाविष्ट आहेत. लिपी बदलली, प्रदेश बदलला. आशय मात्र टिकून राहिला. संगणकावरील मजकुराच्या वाट्याला असे दीर्घायुष्य क्वचितच येते. जुन्या अक्षरसंचात टंकलिखित केलेले परिपत्रक तो संच नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमुळे अक्षरांचा प्रश्न सुटला. परंतु मजकुराच्या रचनेचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता व वाटता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. नकाशे तयार करणारी क्यूजीआयएस ही अशीच एक प्रणाली. गावातील विहिरी, नाले व बंधारे यांची नोंद नकाशावर घेण्यास ती उपयुक्त आहे. तथापि, मार्गदर्शिका समजेल अशा भाषेत नसेल, तर विनामूल्य प्रणालीही सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतीच्या उपयोगी पडणार नाही.

अशा मार्गदर्शिका साध्या मजकुरात लिहितात. शीर्षक कोणते, यादी कोणती, हे ठरावीक खुणांनी दर्शवितात. त्यामुळे एकाच मजकुरापासून पडद्यावरील पान व छापील पुस्तिका, दोन्ही तयार होतात.

प्रचलित पद्धतींपैकी डॉकबुक अत्यंत काटेकोर आहे. परंतु प्रत्येक परिच्छेद आरंभीच्या व अखेरच्या खुणेत बंदिस्त करावा लागत असल्याने नवा लेखक कंटाळतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्कडाउन पद्धती शिकण्यास सर्वांत सोपी आहे. मात्र तिचे अनेक पोटप्रकार झाले. त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी २०१४ मध्ये कॉमनमार्कचा उपक्रम सुरू झाला. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही पद्धती मोकळ्या जागांबाबत कडक आहे, परंतु अनेक प्रकरणांच्या ग्रंथास व परस्परसंदर्भांस ती अधिक अनुकूल आहे. पायथॉन भाषेची मार्गदर्शिका व क्यूजीआयएसची मार्गदर्शिका याच पद्धतीत आहेत. लिनक्सच्या गाभ्याच्या मार्गदर्शिकेनेही २०१६ पासून डॉकबुक सोडून हाच मार्ग धरला.

मराठीच्या दृष्टीने यातील एक सोय महत्त्वाची आहे. या पद्धतीवर चालणारे स्फिंक्स हे साधन भाषांतरासाठी मजकुराचे परिच्छेदवार तुकडे वेगळे काढते. मूळ मार्गदर्शिका बदलली, तरी बदललेल्या तुकड्यांचेच भाषांतर पुन्हा तपासावे लागते. संपूर्ण पुस्तक नव्याने करण्याचे श्रम वाचतात.

देवनागरी लेखकाने दोन गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. क्रमांकित यादीची खूण म्हणून मार्कडाउन व रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दोन्ही पद्धती देवनागरी अंक ओळखत नाहीत. तेथे इंग्रजी अंकच वापरावे लागतात. तसेच, देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रेघा जुळवून केलेले तक्ते सहज विस्कटतात. असे तक्ते यादीच्या स्वरूपात लिहिणे श्रेयस्कर.

चार-पाच पानांच्या शालेय टिपणास मार्कडाउन पुरेसे आहे. अनेक प्रकरणांच्या व सतत भाषांतरित होणाऱ्या ग्रंथास रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट योग्य ठरेल. अंतिम निर्णयापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. नमुन्याचे एक पान गावातील शिक्षकाच्या हाती देऊन त्यातील एक चूक दुरुस्त करण्यास सांगावे. ज्या पद्धतीत ते काम त्यांना कोणाच्या मदतीवाचून जमेल, त्या पद्धतीतील मार्गदर्शिका मूळ लेखक निघून गेल्यानंतरही अद्ययावत राहील.