मागचा स्पीकर ‘उडाला’ म्हणजे नेमकं काय उडालं?

जुन्या ५.१ होम थिएटरचा मागचा स्पीकर वाजेनासा झाला की घरात लगेच निकाल लागतो : स्पीकर उडाला. बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. आधी दगा देतो तो जोड. स्प्रिंगच्या क्लिपमध्ये खोचलेलं तारेचं उघडं टोक काही वर्षांत काळं-हिरवं पडतं, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. काळं टोक कापा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर सोला, पीळ देऊन पुन्हा खोचा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

नाही मिटली, तर रिसीव्हरचा प्लग काढून त्या स्पीकरची वायर मागून सोडवा आणि तिच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘टक्’ आवाज आला की वायर आणि स्पीकर दोन्ही जिवंत. दोष रिसीव्हरकडे किंवा सेटिंगमध्ये. आवाज नाही आला, तर सेल थेट स्पीकरला लावा. तिथे वाजला तर मधली वायर तुटलेली, बऱ्याचदा उंदराच्या कृपेने.

मल्टीमीटर घेऊन बसणारे वेगळ्याच घोळात अडकतात. मागे ‘८ ओहम’ छापलंय, मीटर सहा-सात दाखवतो, म्हणजे कॉइल खराब! तसं नाही. छापलेला आकडा वाजत्या स्पीकरचा इम्पिडन्स. मीटर मोजतो फक्त तारेचा डीसी रोध, तो कमीच भरतो. शून्याजवळ गेला तर मात्र शॉर्ट समजा. काही छोट्या स्पीकरमध्ये कपॅसिटर असतो, तेव्हा मीटर सर्किट तुटल्याचं सांगतो आणि सेल मात्र टक् करतो. अशा वेळी सेलवर विश्वास ठेवा.

लाल-काळं उलटं लागलं तर स्पीकर जळतो, हीही भीती खोटी. आवाज पोकळ होतो, बेस पातळ पडतो, एवढंच. खरा धोका आहे तो रिसीव्हरमागे सुटलेल्या एका बारीक तंतूचा : तो शेजारच्या टोकाला टेकला की अॅम्प्लिफायर शॉर्ट होतो. सेट चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर आधी तिथेच बघा.

मागचा आवाज दबका येतो, ही तक्रार जुन्या डॉल्बी प्रो लॉजिकवर असेल तर दुरुस्तीच नको. त्यात मागच्या दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो, तोही ७ किलोहर्ट्‌झपर्यंतच.

महागडी ‘ऑडिओ’ वायरही नको. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर नेली तरी जाऊन-येऊन रोध पाव ओहमही होत नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम तेवढं टाळा. तंतू खरवडला की पांढरा दिसतो.

सबवूफरची पेटी मात्र घरी उघडू नका. अॅम्प्लिफायर आत असेल तर तिथे २३० व्होल्ट येतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही काळ भारलेले राहतात.