एस्पेरांतो आणि चेक : आपल्या विद्यार्थ्यास सोपी कोणती ?

गेल्या सहामाहींत वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, इंग्रजीखेरीज आणखी एक परकी भाषा शिकावयाची तर कोणती सोपी ? त्याच्या हातीं दोन लहान पुस्तकें आलीं होतीं. एक एस्पेरांतोचें, दुसरें चेक भाषेचें. ‘एस्पेरांतो,’ असें उत्तर मी तत्काळ देऊन टाकिलें. पुढें दोन्ही पुस्तकें चाळतांना मात्र तें उत्तर अपुरें वाटूं लागलें, म्हणून हा लेख.

नंदुरबारच्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें तर अहिराणी, गुजराती, भिली, मावची, पावरी आणि मराठी अशा किती तरी भाषा कानीं पडतात. पूर्व युरोपांतील ब्यालिस्तोक हें असेंच बहुभाषी गांव होतें. रशियन, पोलिश, जर्मन व यहूदी लोक तेथें शेजारीं राहत, परंतु एकमेकांकडे संशयानें पाहत. त्या गांवीं १८५९ सालीं जन्मलेल्या झामेनहोफ यांस वाटलें कीं, या वैराचें एक मूळ भाषाभेद होय. पुढें ते नेत्रवैद्य झाले आणि १८८७ सालीं वॉर्सा येथें एक लहानसें पुस्तक छापून त्यांनीं नवी भाषा जगापुढें ठेविली. पुस्तकावर स्वतःचें नांव न घालतां ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, असें टोपणनांव घातलें. तेंच भाषेस चिकटलें. चेक भाषा अशी कोणीं एकानें रचिलेली नव्हे. ती बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांत शतकानुशतकें वाढली, जर्मनच्या छायेंत बराच काळ दबून राहिली आणि एकोणिसाव्या शतकांत पुन्हां डोकें वर काढून उभी राहिली. गंमत अशी कीं, सर्व मानवजातीस एक सोपी भाषा असावी असें स्वप्न झामेनहोफ यांच्या फार पूर्वीं पाहणारा कोमेन्स्की (१५९२–१६७०) हा थोर शिक्षक चेकच होता.

आतां व्याकरणाकडे वळूं. एस्पेरांतोचे मूळ नियम अवघे सोळा. नामाच्या अखेरीस ओ, विशेषणाच्या अखेरीस आ, अनेकवचनास य्, अपवाद नाहीं. ‘लेर्न’ म्हणजे शिकणें. त्यास स्थानवाचक ‘एय्’ जोडून ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा, आणि ‘लेर्नांतो’ म्हणजे विद्यार्थी. मागें ‘माल्’ लाविलें कीं अर्थ उलटतो : ‘बोना’ चांगला, ‘मालबोना’ वाईट. क्रियापदास लिंग नाहीं, वचन नाहीं, पुरुषही नाहीं. मुलगा आला, मुलगी आली, मूल आलें. तिघांसही ‘वेनिस’ हा एकच शब्द पुरतो.

चेकमध्यें तसें नाहीं. तेथें तीन लिंगें, संबोधन धरून सात विभक्त्या, आणि र व झ यांचा एकाच वेळीं उच्चार करावा असें एक विलक्षण अक्षर. इंग्रज विद्यार्थी येथें हात टेकतो. पण आपण कां टेकावे ? ‘होता, होती, होतें’ यास चेक मनुष्य ‘बिल, बिला, बिलो’ म्हणतो. मूल या अर्थाचा त्यांचा शब्दही आपल्यासारखाच नपुंसकलिंगी आहे. (‘आला’ मधील ल आणि ‘बिल’ मधील ल एकच, असें मात्र कोणी समजूं नये, दोहोंचा उगम निराळा आहे.) ‘शाळा’ शब्दाचें ‘शाळेंत’ होतांना मूळ रूप बदलतें, तसेंच त्यांचें ‘श्कोला’ बदलून ‘वे श्कोले’ होतें, भेद इतकाच कीं, आपण प्रत्यय मागून लावितों आणि ते एक शब्दयोगी पुढें ठेवून शिवाय शेवटही बदलतात. लांडग्यास चेकमध्यें ‘व्ल्क’ म्हणतात. स्वरावांचून हा शब्द उच्चारावा कसा, असें पाश्चात्य वाचक विचारतो. संस्कृतांतील ऋ व ऌ ओळखणाऱ्यास ती अडचण वाटत नाहीं, उलट हा तर आपला ‘वृक’ असें तो म्हणेल. आणखी एक गोष्ट. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च आपण एकाच अक्षरानें लिहितों, परंतु उच्चारितों दोन तऱ्हांनीं. या दोन्ही भाषांत त्या दोन उच्चारांस दोन निराळीं अक्षरें आहेत.

तेव्हां चेक कठीण ती इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्यास. मराठी विद्यार्थ्यास तितकी नव्हे. आमच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याविषयीं तर अधिकच सांगतां येईल. अहिराणी घरांतला मुलगा घरीं ‘घरमा’, ‘माले’ म्हणतो आणि शाळेंत येऊन ‘घरांत’, ‘मला’ शिकतो. मावची किंवा पावरी बोलणाऱ्यास तर याहून लांबचा पल्ला मारावा लागतो. वर्गांत त्याच्या हातून प्रत्यय चुकला कीं, ‘मराठी कच्चें’ असा शेरा आपण मारितों. मींही मारिला आहे. वास्तविक त्यानें आठ-दहा वर्षांच्या वयांत, व्याकरणाचें पुस्तक न उघडतां, एक दुसरी भाषा मिळविली. तें आपण हिशेबांत धरीत नाहीं.

आचार्य विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं. तेव्हां नंदुरबार धुळ्यासह पश्चिम खानदेशांत मोडत असे. अनेक भाषा जाणणारे हे गृहस्थ उतारवयांत एस्पेरांतोही शिकले. ज्याच्या पदरीं आधींच कांहीं भाषा आहेत त्यास ती थोड्या अवधींत येते खरी. परंतु ती बोलावयास माणूस शोधावा लागतो. बोलणारे जगभर विखुरलेले, आणि आपल्या गांवीं बहुधा कोणीच नाहीं. चेकचें उलट. वर्षभर खपल्यावरही वाक्य अडखळतच येईल, पण प्राग शहरीं उतरतांच दुकानाच्या पाट्यांपासून कोमेन्स्कीच्या ग्रंथांपर्यंत सर्व त्याच भाषेंत आहे.

त्या विद्यार्थ्यास मी आतां असें सांगितलें आहे कीं, तीन महिने एस्पेरांतो करावी आणि मग चेकचें पुस्तक पुन्हां उघडावें. कर्म म्हणजे काय, हें एस्पेरांतो फार नेमकें शिकविते. मराठींत ‘मी मुलाला पाहतों’, पण ‘मी घर पाहतों’; निर्जीवास आपण प्रत्यय लावीत नाहीं. एस्पेरांतोंत मुलासही न् आणि घरासही न्. माझ्या वहींत घराचा न् अजून रोज राहून जातो, आणि तो विद्यार्थी तांबड्या शाईनें तो भरून वही मला परत देतो.