दिवस कोण मोजतं?
लेखमाला : पगाराच्या चिठ्ठीमागचा कायदा – भाग 7

मराठीत गरोदरपण दिवसांतच बोललं जातं. 'तिला दिवस गेलेत', 'दिवस भरत आलेत'. कायदाही याच हिशेबात बोलतो: 80 दिवस, 26 आठवडे, 48 तास, 60 दिवस. बाळंतपणाच्या रजेवरून जे खटले लक्षात राहिले, त्यात रजा द्यावी की नाही हा वाद फारसा नसतोच. वाद असतो तो दिवस कोणी मोजायचे आणि कुठून कुठपर्यंत, याचा.

माझा आवडता खटला एका मळ्यातल्या कामगार बाईचा आहे. 1960च्या दशकाच्या अखेरची, तमिळनाडूतली गोष्ट. बाई बाळंत झाली, तेव्हाच्या कायद्याप्रमाणे 12 आठवड्यांचे पैसे मळेवाल्यांनी मोजून दिले, पण रविवार वगळून. युक्तिवाद सरळ होता: रविवारी मळा बंद, त्या दिवसाची मजुरी कोणालाच नाही, मग हिलाच का? प्रकरण कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून मद्रास उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला 1977 मध्ये. न्यायालय म्हणालं, आठवडा म्हणजे सलग सात दिवस, रविवार धरून. आईचं आणि बाळाचं पोट रविवारी सुट्टीवर नसतं, हे साधं व्यवहारज्ञान कायद्यात बसवायला जवळपास दहा वर्षं लागली.

आज त्याची किंमत किती होते बघा. समजा रोज 600 रुपये मजुरी आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, म्हणजे 1,09,200 रुपये. रविवार काढून टाकले तर उरतात 156 दिवस, 93,600 रुपये. फरक 15,600 रुपयांचा. तेव्हा रजेचे पैसे हातात आले की आधी दिवस मोजा, मग नोटा.

हे 26 आठवडे 2017 पासूनचे. त्याआधी 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात 12 आठवडे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आहे. कलमांचे आकडे बदलले, पण मातृत्व लाभाचा गाभा बहुतांशी तोच राहिला. कारखाना, खाण आणि मळा इथे तो लागू आहेच. दुकान किंवा कार्यालय असेल तर किमान दहा माणसं कामाला हवीत. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले जास्तीत जास्त 8 बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन मुलं हयात असताना तिसऱ्या खेपेला 12 आठवडे. 'तिसऱ्याला रजाच नाही' असं जे सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. रजा कमी होते, नाहीशी होत नाही.

आता 80 दिवसांची अट. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम केलेलं असलं पाहिजे. बस्स, एवढंच. कायम नोकरी हवी, प्रोबेशन संपलेलं हवं, लग्नाचा दाखला हवा, यातलं कायद्यात काहीही नाही. 'तू अजून प्रोबेशनवर आहेस, तुला मॅटर्निटी लागू नाही' हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की एखाद्या छापील फॉर्मवरच ते असावं असं वाटतं. पगारी सुट्ट्या आणि लेऑफचे दिवसही या 80 मध्ये धरले जातात, त्यामुळे चार-पाच महिने नोकरी झालेली बहुतेक बाई सहज पात्र ठरते. ज्यांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांचा हिशेब वेगळा. तिथे पैसे मालक देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. अट आहे आधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणी-काळांत 70 दिवसांच्या वर्गणीची.

रोजंदारीवरच्या बायकांना हा हक्क आहे का, हा प्रश्न 2000 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दिल्ली महापालिकेसाठी रस्त्यांवर चर खणणाऱ्या, हजेरीपटावरच्या बायका होत्या. वर्षानुवर्षं तेच काम, पण 'कायम' नाही म्हणून बाळंतपणाची रजा नाही. न्यायालयाने महापालिकेचं म्हणणं झिडकारलं. हजेरीपटावर नाव असो की सेवापुस्तकात, बाळंतपण तेच.

कंत्राटाची मुदत हा त्यानंतरचा डाव. दिल्लीतल्याच एका रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने 1 जून 2017 पासून रजा मागितली. तिचं कंत्राट 11 जूनला संपत होतं. रुग्णालयाने गणित केलं आणि 11 दिवसांची रजा मंजूर केली! ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा पात्रता सिद्ध झाली की लाभ पूर्ण 26 आठवड्यांचा, मग मधे कंत्राट संपलं तरी. आयटीपासून महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वापर्यंत जिथे जिथे अकरा महिन्यांची ऑर्डर हातात ठेवली जाते, तिथे या निकालाची प्रत सोबत बाळगावी असं माझं मत आहे.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. ईएसआय नसलेल्या ठिकाणी 26 आठवड्यांचा सगळा खर्च एकट्या मालकाच्या खिशातून जातो. बारा-पंधरा माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्याला तो जड जातो, आणि मग मुलाखतीत 'लग्न कधी?' असा प्रश्न येतो. ही अडचण नवी नाही. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला होता: या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, तेव्हा हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. त्याच वेळी, बाई राबते तिचा फायदा मालकालाही होतो, म्हणून त्यालाही अंग काढता येणार नाही, असं ते म्हणाले. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. सरकारने भार उचलण्याचा भाग मात्र जवळपास शंभर वर्षांनीही ईएसआयच्या पगारमर्यादेपाशीच अडकून बसलाय.

पैशांविषयी आणखी थोडं. लाभ मोजतात तो रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनावर. जुन्या कायद्यात वेतनात घरभाडे भत्ता धरलेला होता. नव्या संहितेत घरभाड्यासारखे भत्ते बाहेर आहेत, पण अशा बाहेर काढलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली, तर वरचा हिस्सा परत वेतनात धरावा लागतो. मूळ पगार मुद्दाम बारीक आणि भत्ते लठ्ठ ठेवणाऱ्या कंपन्यांसाठीच ही पाचर आहे. पगाराची चिठ्ठी काढा आणि बेरीज स्वतः करा. गरोदरपणाचा पुरावा दिला की बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळायला हवेत, आणि बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर उरलेले 48 तासांत. मालकाने बाळंतपणाच्या काळजीची मोफत सोय केली नसेल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनसही. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा अंगावर पाजायला वेळ मिळतो, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज.

आणि ज्याबद्दल बाई बोलत नाही, घरचे बोलू देत नाहीत, ते. गर्भपात झाला, आपोआप किंवा वैद्यकीय कारणाने, तरी दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. बायका ती 'कावीळ झाली' म्हणून आजारी रजेत घालवतात. तेवढ्या रजा शिल्लक नसतील तर चौथ्या दिवशी कामावर येतात. एचआरकडे पुरावा द्यावा लागतो हे खरं, पण कागद एकाच माणसाच्या हातात देण्याचा आग्रह धरता येतो.

वडिलांचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर 15 दिवस, मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घ्या. खासगी नोकरीत कायदा काहीच देत नाही. कंपनीच्या धोरणात असेल तेवढंच. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, 15 दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतच्या रजेचं. त्याचा कायदा झाला नाही. नव्या संहितेतही खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी रजेची तरतूद आलेली नाही. बाळंतिणीला टाके आहेत, आजी गावाला आहे, आणि नवरा तिसऱ्या दिवशी शिफ्टला, हे चित्र पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही चाळीत दिसेल.

शेवटी राजीनाम्याबद्दल, कारण सगळे हक्क तिथे गळतात. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणं बेकायदा. पद किंवा अटी बिघडवणंही बेकायदा. हे एचआरला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून काढत कोणी नाही, 'स्वखुशीने' लिहून घेतात. समोर कागद ठेवतात, 'अनुभवाचं पत्र चांगलं देऊ' म्हणतात, चहा मागवतात. तिथे सही करू नका. 'घरी विचारून सांगते' एवढं म्हणून उठा आणि त्याच दिवशी ईमेल करा: आज अमुक वाजता मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी तो दिलेला नाही, माझी बाळंतपणाची रजा अमुक तारखेपासून सुरू होईल.

रजेचा अर्जही असाच, लेखी आणि पोच घेऊन. सूचना द्यायची राहून गेली म्हणून हक्क बुडत नाही, पण पोच असली की पुढचं सोपं जातं. नकार आला तर तो लेखी मागा. लाभ नाकारल्याचं कळवलं गेलं त्या तारखेपासून 60 दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कुठे जायचं हे कळत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयापासून सुरुवात करा, ईएसआय असेल तर महामंडळाच्या शाखेपासून. बाळंतपणानंतरचे पहिले 60 दिवस कसे जातात हे ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको, म्हणून हे टिपण नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या मोबाइलवर आधीच ठेवून द्या.

पुढच्या आठवड्यात : दत्तक आणि सरोगसीतल्या आया, आणि 50 माणसांच्या कंपनीतलं पाळणाघर