बियाण्याचं तवसं

सावंतवाडीजवळच्या एका घराच्या परसात आज वेलांची शेवटची तोडणी चालली आहे. आश्विन लागलाय. भात कुठे पिवळं, कुठे अजून हिरवं आहे. पाऊस परतीला निघालाय आणि सकाळी नऊलाच ऊन चटकतंय. आषाढात मांडवावर चढलेले वेल आता करपू लागलेत. पानं गळल्यामुळे इतके दिवस आत दडलेली फळं उघडी पडलीत. दोडकी वेलावरच वाळलीत, पडवळाला सरळ वाढावं म्हणून बांधलेला दगड अजून लोंबतोय आणि कडेला तांबूस-तपकिरी झालेली तवशी, म्हणजे पावसाळी मोठ्या काकड्या, जमिनीला टेकल्या आहेत.

घरातली आजी कोयती घेऊन वेलाशी बसली आहे. नातू भोपळा उचलायला वाकतो, तशी ती ओरडते, "झिला, देठ धरून उचलू नको. देठ मोडलो काय भोपळो गेलो!" ती देठाचा वीतभर तुकडा ठेवून भोपळा कापते आणि सालीवर नख दाबून बघते. नख रुतत नाही, म्हणजे भोपळा पक्का झाला. नख रुतलेला भोपळा ती बाजूला सारते. त्याचे आज घारगे होतील. देठ तुटलेल्या किंवा खरचटलेल्या जागेतून कुजायला सुरुवात होते, म्हणून पक्के भोपळे तान्ह्या बाळासारखे दोन्ही हातांवर घेऊन ओटीवर नेले जातात. तिथे सून भाताच्या पेंढ्यावर ते एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडते.

तवशांची जागा माळ्याखाली आहे. सून केळीच्या वाळक्या सोपाची दोरी भिजवून मऊ करते, तवशाभोवती उभा-आडवा फास घालते आणि ते वाशाला टांगते. सगळीकडून वारा लागतो, खाली चुलीचा धूर असतो. अशी टांगलेली तवशी महिनोनमहिने टिकतात. पुढे कधीतरी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून त्यांचं धोंडस होतं. चिबूड मात्र थांबत नाही. तो पिकला की आपोआप फुटतो, म्हणून त्याच्या फोडी गूळ घालून आत्ताच सगळ्यांच्या हातावर पडतात.

अंगणात चवळीच्या शेंगा वाळत घातल्या आहेत. उन्हाने त्या तडतडतात आणि दाणे उडतात. नातू काठीने त्या झोडपतो, त्याची आई सुपाने पाखडते.

परसात आता एकच तवसं उरलंय. सगळ्यांत मोठं, डौलदार, वेलाच्या बुडाजवळ धरलेलं. नातू त्याच्याकडे हात नेतो. आजी त्याचा हात धरते. "ह्यां बियाण्याचां. खावूचां नाय."

हंगामातलं सगळ्यांत चांगलं फळ या घरात कोणी खात नाही. वेल वाळेपर्यंत ते तसंच राहणार आहे. असंच एक आधी उतरवलेलं तवसं आजी आता चिरते. गर हाताने काढून मडक्यात घालते आणि वर थोडं पाणी ओतते. रात्रभरात बियांवरचं बुळबुळीत आवरण आंबून सुटेल. सकाळी पोकळ बिया वर तरंगतील, भरीव तळाशी बसतील. त्या धुऊन, चुलीतली राख चोळून, कोवळ्या उन्हात वाळवायच्या. राख ओल शोषते आणि भुंग्याला दूर ठेवते. मग जुन्या लुगड्याच्या चिंधीत पुरचुंडी बांधून चुलीवरच्या दांडीला टांगायची. दोडक्याला एवढाही खटाटोप नको. वाळलेलं दोडकं हलवलं की खुळखुळतं, टोकाची टोपी निघते आणि काळ्या बिया हातात पडतात.

वाशावरची तवशी पोटासाठी आहेत. ही पुरचुंडी पुढच्या मिरगासाठी. बाजारातल्या संकरित फळाचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तेच गुण येतीलच असं नाही, त्यामुळे दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. गावठी वाणाचं बी नीट निवडून, जवळपासच्या दुसऱ्या जातीशी मिसळू न देता राखलं तर पिढ्यान्‌पिढ्या तसंच येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या अशाच बियाण्यापासून गावठी वाणांची बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. बी राखणं, पेरणं आणि शेजाऱ्याला देणं हा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. पण कायदा पुरचुंडी बांधून देत नाही. वाण टिकतं ते कुणीतरी चांगलं फळ न खाता वेलावर ठेवतं म्हणून.

तुमच्या परसात, गच्चीवर, कुंडीत यंदा एखादा गावठी वेल असेल तर त्याचं सगळ्यांत देखणं फळ तोडू नका. ते वाळू द्या, बी काढा, राखेत ठेवा आणि त्यातल्या मूठभर बिया शेजारी द्या. आपलं बी एखाद्या वर्षी गेलंच, तर ते परत मिळायला ते शेजारचं घर असतं.